आईला आता कुठं ठेवायचं? मावळातून डिमेन्शियाच्या काळजीचा आढावा

डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या निघतोच आणि बहुधा उशिरा निघतो. रात्ररात्र जागून थकलेली सून, कंपनीत पाळ्या करणारा मुलगा, सासरहून फोनवर सल्ले देणारी लेक आणि मुंबईतला धाकटा भाऊ एकत्र बसतात, तेव्हा त्यांच्यापुढे दोनच उत्तरं असतात: घरीच, नाहीतर आश्रमात. घरी ठेवलं तर सांभाळणारी बाई खचते, आश्रमात ठेवलं तर गाव बोलतं. या दोन टोकांच्या मध्ये आणखी चार पायऱ्या असायला हव्यात. घरी येऊन शिकवणारं कुणीतरी, दिवसभर सांभाळणारी एखादी जागा, आठ-पंधरा दिवसांची विश्रांती देणारी सोय, गरजेपुरती मिळणारी प्रशिक्षित बाई. या पायऱ्या आपण बांधल्या नाहीत आणि म्हणून घरं उगाच अपराधी होतात, असं माझं मत आहे.

हा आढावा परंदवडीहून घेण्याला कारण आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सोमाटणे फाट्याहून आत वळलं की पवन मावळातलं हे गाव लागतं. जवळूनच द्रुतगती मार्ग जातो. पलीकडे उर्शाचे कारखाने, अलीकडे तळेगाव. भातखाचरं अजून आहेत, पण त्यांच्या बांधाला प्लॉटिंगचे फलक लागले आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या घरात दिवसभर माणसं असत. आता मुलगा आणि सून दोघंही सकाळी बाहेर पडतात, नातवंडं शाळेच्या गाडीत बसतात आणि म्हातारं माणूस ओसरीवर एकटं उरतं. शेजारीपाजारी लक्ष ठेवतात, पण शेजारही बदलला आहे. समोरच्या चाळीत भाड्यानं राहणाऱ्या कामगाराला हे आजोबा कोण, कुणाचे, हे ठाऊक नसतं. गावाचं गावपण आणि शहराची घाई इथं एकाच गल्लीत नांदतात. डिमेन्शियाच्या माणसाच्या वाट्याला दोन्हींतलं अवघड तेवढं येतं.

आकडे मोठे आहेत. देशभरातल्या ज्येष्ठांच्या दीर्घकालीन पाहणीचा भाग म्हणून स्मरणशक्तीच्या तपशीलवार चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. २०१० च्या राष्ट्रीय अहवालात हाच अंदाज ३७ लाखांचा होता. नव्या पाहणीत प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त निघालं. हा आजार शहरातल्या सुखवस्तू म्हाताऱ्यांचा, ही समजूत त्यातून मोडीत निघते. २०११ च्या जनगणनेत मावळ तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. राज्यात दर दहा माणसांमागे साधारण एक माणूस साठीच्या पुढचं होतं. ढोबळ हिशेब मांडला तरी एका तालुक्यात अडीच-पावणेतीन हजार माणसं होतात आणि हा हिशेब जुन्या लोकसंख्येवरचा आहे.

मग ही माणसं दिसत का नाहीत? घरात त्यांना आजारी कुणी म्हणतच नाही. 'वय झालं', 'साठी बुद्धी नाठी', 'हट्टीपणा वाढलाय' एवढ्यावर विषय मिटतो. बायकांचं तर आणखी उशिरा कळतं. पन्नास वर्षं भाकरी थापलेला हात आठवण गेल्यावरही भाकरी थापत राहतो. आमटीत मीठ दोनदा पडायला लागतं, दूध उतू जाऊन भांडं करपतं, रोजच्या दुकानातून सुटे पैसे न घेताच ती परत येते, पण घर त्याचा संबंध आजाराशी जोडत नाही. पुरुषाचं लवकर लक्षात येतं, कारण त्याचा व्यवहार बाहेरचा असतो. तो सोसायटीत एकच हप्ता दोनदा भरायला जातो, नाहीतर बाजारातून परतताना रस्ता चुकतो. नाव पटकन न आठवणं हे वयाचं लक्षण असू शकतं. रोजचं काम कसं करायचं तेच विसरणं हे वयाचं लक्षण नव्हे. एवढा फरक घराघरांत पोचला तरी निदानाची दोन-तीन वर्षं वाचतील.

निदानाची वाटही साधी नाही. घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात वजा करत जा, वाक्य लिहा, अशा चाचण्या शाळेत गेलेल्या माणसासाठी केलेल्या आहेत. जिनं कधी पेन्सिल धरली नाही तिला घड्याळ काढता आलं नाही, यावरून काहीच ठरत नाही. निरक्षर माणसांसाठी नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात हिंदी चाचणी तयार झाली आणि पुढे इतर भाषांत तशा चाचण्या आल्या. तरीही गावाकडच्या माणसाच्या बाबतीत अनुभवी डॉक्टर घरच्यांना विचारलेल्या प्रश्नांवर जास्त भर देतात: सणवार लक्षात राहतात का, पेरणी कधी झाली सांगता येतं का, पैसे मोजता येतात का, लुगडं नीट नेसता येतं का, वर्षभरात काय बदललं? परंदवडीच्या माणसाला यासाठी तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळचं. पुढची पायरी पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, नाहीतर पुण्याचं ससून. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कुणीही चालेल. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला' म्हणून एक वर्ष घालवणं मात्र परवडत नाही.

परवडत नाही, कारण विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात. थायरॉइड, मेंदूत साठलेलं पाणी, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू जमलेलं रक्त, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक. आपल्याकडे यात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता विशेष लक्षात ठेवायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय असे ४४१ पुरुष तपासले होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. देहू-आळंदीच्या या टापूत माळकरी घरं पुष्कळ, मांसमच्छी वर्ज्य, आणि म्हातारपणी दूधही कमी होत जातं. प्रत्येक विसराळू माणसाचं कारण तेच असेल असं नाही. पण एका साध्या रक्ततपासणीत जे कळतं ते न बघता 'डिमेन्शिया' हा शिक्का मारणं चूक आहे. तसंच, काल बरा असलेला माणूस आज एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर तो डिमेन्शिया वाढल्यामुळे असेलच असं नाही. लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातलं सोडियम कमी होणं यांतलं काहीतरी असू शकतं आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

औषधांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याकडून आशा फार आणि हाती थोडं अशी अवस्था आहे. साठ ते सत्तर टक्के रुग्णांत मूळ कारण अल्झायमर असतं. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार किंवा दोन्ही मिळून, आणि काही कमी आढळणारे प्रकार. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं भारतात सहज मिळतात. काहींना त्यांनी काही काळ थोडं बरं वाटतं, आजार मात्र थांबत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅबला मान्यता मिळाली. ही महागडी इंजेक्शनं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरपुरती आहेत, आजाराची गती थोडी मंद करतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला वारंवार एमआरआय करावा लागतो. मावळातल्या घराचा प्रश्न त्यांनी सुटणार नाही. तो काळजीनंच सुटेल.

आणि काळजी म्हणजे नेमकं काय, हे कुणी शिकवत नाही. दिवेलागणीला आजी अस्वस्थ होते, पिशवी भरते आणि 'मला घरी जायचंय' म्हणून उंबऱ्यावर उभी राहते. ती तिच्या घरातच असते. 'अगं, हेच घर आहे' असं दहादा सांगितलं की ती चिडते, कारण तिला हवं असलेलं घर माहेरचं असतं, साठ वर्षांपूर्वीचं. 'जाऊ हं, आधी चहा घेऊ' म्हटलं आणि माहेरच्या चार गोष्टी विचारल्या की ती बसते. तांदूळ निवडायला ताट पुढे ठेवलं तर हात कामाला लागतात. पाटल्या सापडत नाहीत म्हणून ती सुनेवर आळ घेते. तो आळ म्हणजे आजाराचं बोलणं असतं, पण ज्या बाईनं सकाळपासून तिचं न्हाणंधुणं केलेलं असतं तिच्या काळजाला ते लागतंच. तिला कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं होतं की असं होईल, आणि त्यावर भांडायचं नसतं, सोबत शोधायचं असतं.

अशा शेकडो बारीक गोष्टी असतात. अंघोळीला विरोध होतो तो थंडीमुळे, भीतीमुळे किंवा लाजेमुळे. पाणी आधी कोमट करून, अंगावर पंचा राहू देऊन, एकेक अवयव धुतला की तो विरोध कमी होतो. कपाटावरच्या आरशात परका माणूस दिसतो, म्हणून आरसा झाकावा. मोरीत दिवा रात्रभर लावून ठेवावा. विहीर आणि गच्चीचा जिना बंद करावा. गॅसची कळ रात्री बंद करून रेग्युलेटर काढून ठेवावा, कीटकनाशकाची बाटली गोठ्यातून हलवावी. आजोबा पहाटे उठून शेताकडे निघतात आणि शेत तर विकलं गेलेलं असतं. तिथं आता पत्र्याचं कुंपण आणि वॉचमन असतो, वाटेत हमरस्ता. त्यांच्या खिशात किंवा गळ्यातल्या माळेशेजारी नाव आणि फोन नंबर असायलाच हवा. जेवण कमी होतं तेव्हा सवयीची चव कामाला येते. इंद्रायणी तांदळाचा गरम मऊ भात पुढे आला की तोंड उघडतं. अभंगांचंही तसंच. मुलाचं नाव विसरलेले वारकरी हरिपाठाला बसले की टाळ धरतात आणि पुढची ओळ न चुकता म्हणतात. पाठांतराचे आणि सुरांचे संस्कार मेंदूत खोल रुजलेले असतात आणि बऱ्याच रुग्णांत ते उशिरापर्यंत टिकतात. ज्या गावात रोज संध्याकाळी देवळात भजन होतं त्या गावाकडे काळजीचं एक साधन आधीच आहे. आजोबांना धरून तिथवर नेणारं कुणीतरी मात्र पाहिजे.

हे 'कुणीतरी' जवळजवळ नेहमी बाई असते. बायको, सून, न झालं तर लग्न न झालेली किंवा माघारी आलेली लेक. ती नोकरी सोडते, लग्नाकार्याला जाणं सोडते, स्वतःचं दुखणं अंगावर काढते. बाकीचे नातलग येतात, तासभर बसतात, त्या तासात आजी नेमकी छान बोलते आणि ते 'आम्हाला तर काही जाणवलं नाही' असं म्हणून जातात. हे वाक्य सांभाळणाऱ्याला सगळ्यात जास्त जखम करतं. ते बोलू नये एवढी विनंती प्रत्येक पाहुण्याला करावीशी वाटते.

या बाबतीत आपल्या शेजारी, गोव्यात, झालेलं काम प्रत्येक मराठी आरोग्य कार्यकर्त्यानं वाचायला हवं. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये गोव्यातल्या लोकांशी बोलून केलेला अभ्यास मांडला. लोकांना लक्षणं माहीत होती, पण ती आजाराची न वाटता वयाची किंवा घरच्यांनी केलेल्या हेळसांडीची वाटत होती. पुढे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 'संगथ' संस्थेच्या मदतीनं बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. निम्म्या घरी सहा महिने एक गृहसल्लागार जात असे. ही माणसं डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. स्थानिक भाषा बोलणारी, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती आणि त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक व एक मानसोपचारतज्ज्ञ होता. ती घरच्यांना आजार समजावून सांगत, अंघोळ-जेवण-झोप यांचे मार्ग सुचवत, सरकारी योजनांची माहिती देत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत आणि अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून देत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. यात महागडी यंत्रं नव्हती, इमारत नव्हती. या आढाव्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते, कारण ती आपल्या ऐपतीत बसते.

शहरी घरांनी अशा गृहसल्लागाराच्या जागी सांभाळणारी माणसं पुरवणारा ब्युरो आणला. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची बाई, पुरुष रुग्णासाठी ब्रदर. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हा व्यवसाय मोठा झाला आहे आणि सोमाटणे-तळेगावपर्यंत पोचला आहे. परदेशी राहणाऱ्या मुलांची तर सगळी भिस्त त्यावर आणि घरात लावलेल्या कॅमेऱ्यावर असते. चांगली मावशी मिळाली तर घर तरतं, यात शंका नाही. पण बहुतेकींना डिमेन्शियाचं काहीच शिकवलेलं नसतं. दर महिन्याला बाई बदलते आणि नवा चेहरा म्हणजे रुग्णाला नवी भीती. शिवाय या बायकांचं स्वतःचं काय? सुट्टी नाही, विमा नाही, रात्रीची झोप नाही. त्या दमल्या तर काळजीही दमलेलीच मिळणार. बाई ठेवताना पगाराइतकाच तिच्या आठवड्याच्या सुट्टीचा आणि झोपेचा विचार करावा, आणि पहिले आठ दिवस घरच्या कुणीतरी तिच्यासोबत राहून आजीच्या सवयी तिला सांगाव्यात.

दिवसाचं केंद्र ही मधली पायरी महाराष्ट्रात सगळ्यात दुबळी आहे. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं, मध्ये गाणी, खेळ, जेवण, झोप. १९९५ मध्ये सुरू झालेल्या डिग्निटी फाउंडेशननं मुंबईत हे काम केलं. केरळात १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर सोसायटीबरोबर तिथल्या राज्य सरकारनं २०१४ मध्ये 'स्मृतिपथम' हा उपक्रम हाती घेतला आणि त्यात दिवसाचं केंद्र व निवासी केंद्र दोन्ही आलं. डिमेन्शिया ही सरकारची जबाबदारी आहे असं एका राज्यानं मान्य केलं, हे त्यातलं मोल. दोघंही कामावर जाणाऱ्या मावळातल्या घराला निवासी केंद्रापेक्षा अशा दिवसाच्या केंद्राची गरज कितीतरी जास्त आहे. संध्याकाळी आई घरी येते, दिवसा नोकरी टिकते. गावात समाजमंदिरं आहेत आणि ती बहुतेक दिवस कुलूपबंद असतात.

आता निवासी केंद्रं. साधा वृद्धाश्रम आणि डिमेन्शियाचं केंद्र यांत गल्लत करू नये. बरेच वृद्धाश्रम हिंडत्याफिरत्या माणसालाच घेतात आणि विसरणं वाढलं की 'घेऊन जा' म्हणतात. पुण्यात तपस एल्डर केअर, एपॉक एल्डर केअर अशी या आजाराचं काम करणारी केंद्रं आहेत. नेरळला डिग्निटीच्या वसाहतीतही सोय आहे. मावळातली स्वच्छ हवा आणि पुण्या-मुंबईपासूनचं अंतर पाहून तळेगाव-लोणावळा पट्ट्यात ज्येष्ठांसाठी वसाहती आणि निवास वाढत आहेत. पण चांगल्या केंद्राचा महिन्याचा खर्च म्हणजे साध्या घरातला एक अख्खा पगार. परंदवडीतल्या मूळ रहिवाशाच्या दारासमोर असं केंद्र निघालं तरी ते त्याच्यासाठी असेलच असं नाही. नेदरलँड्समधलं हॉगवेक हे डिमेन्शियाच्या माणसांचं गाव २००९ पासून जगभर वाखाणलं जातं. तिथं दुकान आहे, चौक आहे, माणसं मोकळी फिरतात. पण त्यामागे तिथल्या सरकारचा दीर्घकालीन काळजीचा पैसा उभा आहे, हे वाखाणताना विसरलं जातं.

केंद्र बघायला जाणाऱ्यांनी बागेपेक्षा रात्रपाळी बघावी. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी? न कळवता भेटायला आलेलं चालतं का? रुग्णाला खुर्चीला बांधतात का? शांत ठेवायला कोणत्या गोळ्या देतात आणि त्या कोण लिहून देतं? मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि घरच्यांना सांगून. कर्मचाऱ्यांना मराठी येतं का, हाही प्रश्न विचारावा. आजार वाढतो तसे बरेच जण नंतर शिकलेल्या भाषा आधी हरवतात आणि मावळी बोलीत मागितलेलं पाणी समजणारं कुणी नसलं तर माणूस तहानेला राहतो. कोणत्या कायद्याखाली नोंदणी आहे, आजार बळावला तर कोणत्या रुग्णालयात नेणार, अखेरच्या दिवसांत काय करणार, हे लेखी घ्यावं. अखेरच्या टप्प्यात गिळणं थांबतं आणि नाकातून नळी घालायचा आग्रह होतो. त्या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं याला चांगला पुरावा नाही. चमच्यानं, सावकाश, जेवढं जाईल तेवढं भरवणं हीसुद्धा पूर्ण काळजी आहे.

आणि ज्यांनी आईला केंद्रात ठेवलं त्यांना एक सांगायचं आहे. चांगल्या केंद्रात ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. ठेवून न जाणं म्हणजे टाकणं. दर आठवड्याला जाऊन हात धरून बसणारा मुलगा गावातल्या कुणाहीपेक्षा कमी कर्तव्य करत नाही.

मावळात या आजाराला आणखी एक धार आहे ती जमिनीची. द्रुतगती मार्ग झाला, औद्योगिक वसाहती आल्या, गुंठ्याचे भाव कुठच्या कुठं गेले. सातबारावर नाव म्हाताऱ्याचं आणि खरेदीखतावर अंगठा त्याचा लागतो. आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नाही त्याचा करार कायद्यानं टिकत नाही, तरी असे अंगठे घेतले जातात आणि मग भावाभावांत दहा-दहा वर्षं दावे चालतात. 'आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे' असं घरं निर्धास्तपणे सांगतात. भारतीय करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि मुंबई उच्च न्यायालयानं अशी नेमणूक वेळोवेळी केली आहे, पण परंदवडीच्या शेतकऱ्याला ती वाट लांबची. म्हणून निदान सुरुवातीलाच व्हायला हवं. समज शाबूत असताना मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह नोंदवता येतं, बँकेचं खातं संयुक्त करता येतं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आपल्या उपचारांबद्दलच्या इच्छा आगाऊ लिहून ठेवता येतात आणि आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो.

सरकारकडून जे मिळतं ते सगळं रुग्णालयाच्या दारापाशी थांबतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान योजनेत कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दाखल होण्यासाठी. घरच्या बाईच्या पगाराला किंवा लंगोटांच्या खर्चाला त्यातून काही मिळत नाही. डिमेन्शियाच्या रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं आणि ते काढून ठेवावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. २००७ च्या कायद्यानं मुलांवर पोटगीची जबाबदारी टाकली. पण ज्या मुलांना सांभाळायचं आहे आणि जमत नाही, त्यांच्यासाठी त्या कायद्यात काही नाही.

मराठी समाजानं हा विषय पडद्यावर फार चांगला पाहिला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत निघून जातात. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. पंडितांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा, आणि त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला आजाराचं नाव माहीत नाही. ती फक्त समोरच्या माणसाला भूक लागली आहे का, भीती वाटते आहे का, एवढं पाहते. जपाननं नेमकी हीच गोष्ट धोरण म्हणून केली. २००५ पासून तिथं दुकानदार, बँकेतले कारकून, पोलीस, शाळकरी मुलं यांना दीड तासाचं प्रशिक्षण देऊन डिमेन्शियाचे सहायक केलं जातं आणि आज त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. सोमाटणे फाट्यावरचे रिक्षावाले, टपरीवाले, तिथले पोलीस आणि गावातल्या सहकारी पतसंस्थेचे कर्मचारी यांच्यासाठी असा एक वर्ग घ्यायला किती खर्च येईल?

धोका टाळण्याविषयीही सांगायला हवं. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये डिमेन्शियाशी जोडलेल्या चौदा टाळता येण्याजोग्या गोष्टी मांडल्या आणि त्या हाताळल्या तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळू किंवा लांबू शकतात, असा अंदाज दिला. त्यांत रक्तदाब आणि मधुमेह आहेत, तसंच कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटेपणही आहे. मोतीबिंदूचं शिबिर आणि कानाचं यंत्र यांनाही मेंदूच्या आरोग्याचं काम म्हणता येतं.

आता गावात काय करता येईल ते. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो आरोग्य तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे प्रश्न सरकारनं आधीच विचारला आहे. 'हो' असं उत्तर आल्यावर आरोग्य केंद्राकडे पाठवा, एवढंच फॉर्म सांगतो. त्या 'हो'च्या पुढे गोव्यासारखी गृहसल्लागाराची एक पायरी जोडली, त्यासाठी आशाताईंना वेगळं मानधन दिलं, तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागानं महिन्यातून एकदा मार्गदर्शन केलं, तर तालुक्याच्या निम्म्या प्रश्नाला हात घालता येईल. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. परंदवडी, सोमाटणे, शिरगाव, उर्से या शेजारच्या गावांनी तो निधी एकत्र केला तर एका समाजमंदिरात आठवड्यातले तीन दिवस तरी दिवसाचं केंद्र चालू शकेल. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला एका घरानं उभं राहावं आणि सांभाळणाऱ्या बाईनं तिथं स्वतः बोलावं.